गारगाई धरण आधी की खोऱ्याचा आराखडा आधी?

भांडुपकर:
गारगाईचं परत सुरू झालंय, वाडा तालुक्यात धरण आणि रोजचे 440 दशलक्ष लिटर मुंबईला. एकेक धरण सुटं मंजूर करणं थांबवा राव. वैतरणा आणि उल्हास दोन्ही खोऱ्यांचा एकत्र हिशोब मांडा, गावांना किती, शेतीला किती, नदीत किती सोडायचं, मग शहराचा वाटा ठरवा. आत्ता शहराचा आकडा आधी ठरतो आणि बाकीच्यांना उरलंसुरलं.

कांदिवली_वेस्ट:
आणि तोवर आम्ही काय करायचं, प्रत्येक उन्हाळ्यात पाणीकपात? मध्य वैतरणा 2014 चं, त्यानंतर एक नवीन धरण नाही, टॉवर मात्र उगवतायत. खोरेनिहाय आराखड्याचा कायदा 2005 मध्येच झाला, नळाला काय फरक पडला सांगा.

शहापूरची_सून:
धरण उशाला कोरड घशाला ही म्हण आमच्याकडे येऊन बघा. भातसा, तानसा दोन्ही धरणं आमच्याच शहापूर तालुक्यात, आणि मे महिन्यात पाड्यावर टँकर. मुंबईच्या पाइपलाइनचा जॉइंट गळतो ना, त्याच्याखाली हंडा लावून बसलेल्या बाया मी रोज बघते. आता आमच्यासाठी पाणी इगतपुरीच्या भावली धरणातून येणार म्हणे!

कांदिवली_वेस्ट:
ताई, यात मुंबईचा काय दोष? गावं धरणापेक्षा उंचावर आहेत, पंपिंगचं बिल परवडत नाही, भावलीचं पाणी उताराने येईल म्हणून ती योजना.

भांडुपकर:
अहो मग हेच तर म्हणतोय! धरण बांधतानाच वरच्या गावांचं पंपिंग खर्चात धरलं असतं तर? शहरापर्यंत एवढ्या लांब पाइप टाकायला पैसे होते की.

मालाडचा_प्लंबर:
तुम्ही दोघं वरच बघताय. मुंबईत सात नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं होतायत, मिळून 2464 दशलक्ष लिटर रोज. त्यातलं निम्मं जरी फ्लश, बागा, बांधकामाला वापरलं तरी दोन-दोन गारगाई सुटतात.

कांदिवली_वेस्ट:
फ्लशला वेगळी लाइन लागते दादा. नवीन टॉवरमध्ये ठीक आहे, आमच्या चाळीस वर्षं जुन्या सोसायटीत कोण टाकणार, तुम्ही?

मालाडचा_प्लंबर:
टाकतो की, मीटिंगमध्ये खर्च पास करून दाखवा आधी. तुमच्याकडे टाकीचं लिकेज काढायलाच तीन मीटिंगा लागत असतील 😄

शहापूरची_सून:
सोसायटीचं नंतर ठरवा, गारगाईत गावं कोणाची बुडणार त्यावर कोणीच बोललं नाही अजून.