ब्रिटनच्या जुन्या आरामगाड्यांमधील ऑब्झर्वेशन डबा शेवटीच का जोडत असत?

घाटमाथा यांचा प्रश्न

गेल्या पावसाळ्यात मुंबईहून पुण्याला व्हिस्टाडोम डब्यातून आलो. त्या दिवशी तो डबा गाडीच्या अगदी शेवटी होता आणि कर्जतपर्यंत मागच्या मोठ्या काचेतून दूर जाणारे रूळ पाहण्यात वेळ कसा गेला ते कळले नाही. कर्जतला घाट चढण्यासाठी मागून बँकर, म्हणजे गाडी ढकलणारी जादा इंजिने लागली आणि खंडाळ्यापर्यंत त्या काचेत इंजिनाच्या तोंडाखेरीज काही दिसेना. बाजूच्या मोठ्या खिडक्या आणि काचेचे छत होते, म्हणून धबधबे पाहता आले.

घरी आल्यावर अशा डब्यांचा इतिहास शोधू लागलो, तेव्हा लंडनहून डेव्हनच्या किनाऱ्याकडे सुट्टीच्या प्रवाशांना नेणाऱ्या ‘डेव्हन बेल’ या पुलमन (आलिशान डब्यांच्या) गाडीचे छायाचित्र सापडले. तिच्या शेवटी बाहेरचे दृश्य पाहण्यासाठी केलेला काचेचा ऑब्झर्वेशन डबा होता. माझे प्रश्न असे: हे डबे नेहमी शेवटीच का जोडत, परतीच्या प्रवासात ते पुन्हा शेवटी कसे येत, आणि एवढी देखणी सोय ब्रिटनमध्ये इतकी थोडी वर्षे का टिकली? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जुनेरूळ यांचे उत्तर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वाफेच्या इंजिनात आहे. गाडीच्या पुढच्या टोकाला धूर, वाफ आणि टेंडर (कोळसा-पाण्याचा जोडडबा) असल्यामुळे प्रवाशाला मोकळे दृश्य द्यायचे तर शेपूट एवढीच जागा उरत होती. अर्थात शेपटीचा डबा शेवटच्या स्थानकावर पोहोचला की परतीच्या दिशेने तो इंजिनाकडच्या बाजूला येतो आणि त्याची काच उलट्या दिशेला असते. म्हणून तो डबा प्रत्येक फेरीनंतर गाडीपासून सोडवून, टर्नटेबलवर (रुळांच्या फिरत्या चकतीवर) किंवा त्रिकोणी रूळमार्गावर फिरवून, पुन्हा मागे जोडावा लागे. प्रवाशांना या खटाटोपाची कल्पना क्वचितच असे, पण स्थानकातील शंटिंग करणाऱ्यांसाठी ते रोजचे जादा काम होते. माझ्या मते या डब्यांचे आयुष्य आखूड होण्याची निम्मी कारणे येथेच सापडतात.

डेव्हन बेल ही गाडी सदर्न रेल्वेने २० जून १९४७ रोजी सुरू केली. महायुद्ध संपून दोनच वर्षे झाली होती, इंग्लंडमध्ये अजून रेशनिंग चालू होते, आणि अशा काळात केवळ उन्हाळी सुट्टीसाठी पुलमन डब्यांची गाडी काढण्याचे धाडस मला आजही विलक्षण वाटते. लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून ती दुपारी १२ वाजता निघे. एक्झेटरला तिचे दोन भाग होत, त्यातला एक प्लिमथकडे जाई आणि दुसरा उत्तर डेव्हनच्या किनाऱ्यावरील इल्फ्रकूमला. ऑब्झर्वेशन डबा इल्फ्रकूमच्या भागाला असे आणि तेथील टर्नटेबलवर तो फिरवत असत.

वेळापत्रकात वॉटर्लूनंतर प्रवाशांसाठी पहिला थांबा सिडमथ जंक्शन हा होता, परंतु वाटेत विल्टन येथे गाडी थांबून इंजिन बदलले जाई. धावत्या इंजिनाला रुळांमधल्या हौदांतून पाणी उचलण्याची सोय इंग्लंडच्या इतर मोठ्या रेल्वे कंपन्यांकडे होती, सदर्नकडे नव्हती. त्यामुळे ‘न थांबता’ धावणाऱ्या या गाडीलाही थांबणे भागच होते.

आता प्रत्यक्ष डब्यांविषयी. त्यांचे क्रमांक १३ आणि १४. ते नव्याने बांधलेले नव्हते, जुन्या पुलमन डब्यांचे रूपांतर करून तयार केले होते, आणि ते जुने डबेही मुळात पहिल्या महायुद्धाच्या काळात रुग्णवाहू डबे म्हणून बांधलेले होते. जखमी सैनिकांसाठी बांधलेल्या डब्यात तीस वर्षांनी लोक पेयाचा ग्लास हातात घेऊन सुट्टीला निघाले, ही गोष्ट मला कोणत्याही सजावटीपेक्षा जास्त मोलाची वाटते. आतल्या टोकाला बार, मधल्या भागात आरामखुर्च्या आणि मागे मोठ्या काचा अशी मांडणी होती.

सुरुवातीला गाडीला गर्दी झाली, पण ती टिकली नाही. प्लिमथचा भाग पहिल्या काही वर्षांतच बंद पडला आणि १९५४च्या उन्हाळ्यानंतर डेव्हन बेल कायमची थांबली. हंगाम तीन-चार महिन्यांचा, धावणे मुख्यतः शनिवार-रविवारच्या आसपास, आणि सोबत मोटारींची वाढती संख्या, अशा परिस्थितीत दोन खास डबे राखणे परवडणारे नव्हते.

स्कॉटलंडवाट यांचे उत्तर

वरील उत्तरात एक भर घालतो, कारण डेव्हन बेलच्या दहा वर्षे आधी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने हाच प्रयोग वेगळ्या रीतीने केला होता. ५ जुलै १९३७ रोजी लंडनचे किंग्ज क्रॉस ते एडिंबरा हे अंतर सहा तासांत कापणारी ‘कॉरोनेशन’ सुरू झाली आणि उन्हाळ्यात तिच्या शेवटी उतरत्या शेपटीचा ऑब्झर्वेशन डबा जोडला जाई. बीव्हर या प्राण्याच्या चपट्या शेपटीसारखा आकार असल्यामुळे त्याला ‘बीव्हर-टेल’ म्हणत. तेथे बसण्यासाठी तासाला एक शिलिंग जादा द्यावा लागे. गाडी दुपारी ४ वाजता लंडनहून निघत असल्याने हिवाळ्यात बहुतेक प्रवास अंधारात होई आणि म्हणून तो डबा तेव्हा काढून ठेवत असत.

मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते की हा डबा बाहेरून जितका सुंदर होता तितका आतून उपयोगी नव्हता. हवेचा रोध कमी व्हावा म्हणून टोक इतके तिरके केले होते की मागची काच बसलेल्या माणसाच्या नजरेला पुरेशी मोकळी राहिली नाही. असे दोन डबे होते; युद्धानंतर ते दोन्ही स्कॉटलंडच्या वेस्ट हायलँड मार्गावर पाठवले गेले आणि १९५९मध्ये त्यांची तिरकी शेपटी कापून तेथे मोठ्या काचा बसवल्या. फोर्ट विल्यम ते मॅलेग हा मार्ग सरोवरे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जातो. सहा तासांच्या शर्यतीसाठी बनवलेल्या डब्याला त्याची खरी जागा या संथ मार्गावर मिळाली, असे मी मानतो.

डार्टकाठ यांचे उत्तर

मी काही वर्षे डेव्हनमध्ये राहत आहे, म्हणून तिसऱ्या प्रश्नाच्या अनुषंगाने डेव्हन बेलच्या डब्यांचे पुढे काय झाले ते सांगते. १३ क्रमांकाचा डबा १९६९मध्ये ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाच्या दौऱ्याबरोबर अमेरिकेला गेला, अनेक दशके सॅन फ्रान्सिस्कोमध्येच राहिला आणि २००७मध्ये इंग्लंडला परत येऊन स्वॉनेज रेल्वेकडे पोहोचला. १४ क्रमांकाचा डबा पेन्टन ते किंग्जवेअर या वारसा मार्गावर आहे.

त्यात बसण्याचा योग मला आला आहे. आधी समुद्र, मग ग्रीनवेचा बोगदा आणि त्यानंतर झाडीतून खाली दिसणारी डार्ट नदी. बोगद्यातून बाहेर पडताना मागच्या काचेत उजेडाऐवजी अंधाराची कमान लहान लहान होत जाते, हे दृश्य पुढे पाहणाऱ्या प्रवाशाला कधीच मिळत नाही. येथे मात्र प्रत्येक फेरीनंतर डबा फिरवला जात नाही. त्यामुळे एका दिशेला तो शेवटी असतो आणि दुसऱ्या दिशेला इंजिनाशेजारी येतो. भेट देणाऱ्यांनी आधी चौकशी करूनच बाजू निवडावी.

घाटमाथा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते. मला कर्जतला जे अनुभवायला मिळाले, तसे डेव्हन बेलच्या प्रवाशांनाही मिळत असेल का?

जुनेरूळ

आपली शंका अगदी योग्य जागी आहे. परतीच्या मार्गावर एक्झेटरच्या सेंट डेव्हिड्स स्थानकातून सेंट्रल स्थानकाकडे जाणारा चढ ३७ फुटांना एक फूट इतका तीव्र आहे, म्हणजे आपल्या बोरघाटाइतकाच, आणि तेथे मागून इंजिन लावणे ही नेहमीची पद्धत होती. इल्फ्रकूममधून बाहेर पडतानाचा चढ तर ३६ फुटांना एक फूट होता आणि तेथेही जड गाड्यांना मागून साहाय्य लागत असे. अशा वेळी ऑब्झर्वेशन डब्यातील मंडळींसमोर काही हातांवर इंजिनाचा धुराडा आणि वाफेचे लोट असत. आपल्या बँकरमध्ये आणि त्यात फरक इतकाच की तेथे काचेवर काजळी जमत असे.

बार्नस्टेपल ते इल्फ्रकूम हा मार्ग १९७०मध्ये बंद झाला, त्यामुळे तो चढ आता गाडीतून पाहता येत नाही. एक्झेटरचा चढ मात्र आजही वापरात आहे.