दागिन्यांचे पैसे काही रोख, काही कार्डावर: दोन लाखांची मर्यादा नेमकी कशी मोजतात?

नमस्कार. धाकट्या भावाचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि होणाऱ्या वहिनींसाठी पाटल्यांची जोडी आमच्या नेहमीच्या सराफाकडे करायला टाकली आहे. पैसे देण्याच्या पद्धतीवरून थोडा पेच पडला आहे. सराफी व्यवहारातील किंवा करविषयक माहिती असणाऱ्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

बिल जीएसटी धरून 3,12,000 रुपयांचे होते आहे. आईच्या जुन्या बांगड्यांची मोड 82,000 रुपयांना धरली आहे, म्हणजे द्यायचे राहतात 2,30,000. त्यांपैकी 1,40,000 रोख आणि 90,000 माझ्या डेबिट कार्डावरून, असा आमचा विचार होता. रोख रक्कम आईच्या भिशीची आहे. स्टीलच्या डब्यात रबर लावून ठेवलेल्या पाचशेच्या 280 नोटा तिने माझ्यासमोर दोनदा मोजल्या, आणि त्या बँकेत न भरता थेट सोन्यातच घालायच्या, हा तिचा हट्ट आहे.

2017 च्या 1 एप्रिलपासून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख रक्कम स्वीकारता येत नाही आणि दंड झाल्यास तो घेणाऱ्याला, घेतलेल्या रकमेइतकाच होतो, एवढे मला माहीत आहे. आमची रोख त्याच्या आत आहे, म्हणून मी निर्धास्त होते. मात्र ही मर्यादा एका दिवसापुरती किंवा एका व्यवहारापुरतीच नसून, एकाच प्रसंगाशी संबंधित असलेल्या, एका व्यक्तीकडून आलेल्या रकमांनाही लागू होते, असे वाचनात आले. दसऱ्याला याच दुकानातून याच लग्नासाठी मंगळसूत्राच्या वाट्या घेतल्या, तेव्हा आईने 75,000 रुपये रोख दिले होते. दोन्ही मिळून 2,15,000 होतात!

फरक एवढाच की दसऱ्याचे बिल आईच्या नावे आहे आणि पाटल्यांचे माझ्या नावे होणार आहे. अशा वेळी ‘एक व्यक्ती’ कोणाला धरतात, बिलावर जिचे नाव आहे तिला की जिच्या हातून पैसे आले तिला? आणि मोडीचे 82,000 रोख रकमेत मोजले जात नाहीत, ही माझी समजूत बरोबर आहे ना?

दुकानातील गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, “ताई, कशाला डोक्याला ताप? एक जोडी आहे, दोन बिलं करू, एक आईंच्या नावाने, एक तुमच्या.” एका जोडीची दोन बिले मला मान्य नाहीत. पॅन द्यायलाही माझी हरकत नाही, कारण दोन लाखांवरील खरेदीला पैसे कसेही दिले तरी तो लागतोच.

दुसरा मुद्दा कार्डाचा. ते कार्डावर दोन टक्के मागत आहेत, म्हणजे 90,000 वर 1,800 रुपये. माझे कार्ड रुपेचे आहे आणि रुपे डेबिट कार्डावर 1 जानेवारी 2020 पासून दुकानदाराला बँकेचे शुल्क द्यावे लागत नाही. मग हे दोन टक्के कशाचे? “सगळ्याच कार्डांना घेतो,” एवढेच उत्तर मिळाले.

तूर्त मी असा हिशोब मांडला आहे: रोख 1,20,000, कार्डावर 1,00,000 (माझ्या कार्डाची रोजची मर्यादा तेवढीच आहे) आणि उरलेले 10,000 यूपीआयने. म्हणजे दसऱ्याचे धरूनही रोख 1,95,000 वरच थांबते. याची खरोखर गरज आहे का, की दोन्ही खरेद्या वेगळ्या धरल्या जातात? गरज नसेल, तर आईच्या डब्यातील 20,000 मागे ठेवण्यावरून घरात वाद घालण्याचे माझे कष्ट वाचतील.

तसेच एकाच बिलावर रोख, कार्ड आणि यूपीआय या तिन्ही रकमा वेगवेगळ्या लिहून मागाव्यात, की कार्डाची पावती बिलाला जोडून ठेवली तरी पुरते? पाटल्या शुक्रवारी मिळणार आहेत, त्यामुळे त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.