‘रश’ने वादकांना काय दिले? वादकांचे आणि श्रोत्यांचे अनुभव

गिटारवादक, ठाणे

कॅनडातल्या टोरांटोच्या ‘रश’ या रॉक त्रिकुटाला वादकांचे वादक म्हटले जाते. गेडी ली (बास म्हणजे खर्जाची गिटार, गायन आणि कीबोर्ड), अ‍ॅलेक्स लाइफसन (गिटार) आणि १९७४ सालच्या जुलैमध्ये त्यांना येऊन मिळालेला ड्रमर नील पिअर्ट या तिघांची नावे मी आयुष्यात प्रथम वाचली ती इतर वादकांच्या मुलाखतींमध्ये. मेटल वाजवणारा असो, पंकमधून आलेला असो किंवा पुढे संगणकावर संगीत रचणारा असो, लहानपणी काय ऐकले असे विचारताच त्यांपैकी अनेकजण ‘रश’चे नाव घेत. मग मी उलट्या दिशेने प्रवास केला, म्हणजे आधी शिष्य ऐकले आणि नंतर गुरू.

त्यांच्या वाटचालीतला एक प्रसंग आधी सांगतो, कारण पुढच्या अनेकांनी धडा घेतला तो त्यातूनच. १९७५ सालचा त्यांचा तिसरा अल्बम फारसा खपला नाही आणि कंपनीला आता छोटी, रेडिओवर वाजतील अशी गाणी हवी होती. बँड बंद पडण्याची चिन्हे दिसत असताना या तिघांनी १९७६ साली ‘२११२’ काढला आणि त्याची पहिली संपूर्ण बाजू वीस मिनिटांच्या एकाच रचनेला दिली. तोच अल्बम चालला, आणि त्यानंतर त्यांच्या संगीतात कोणी ढवळाढवळ केली नाही.

माझी विनंती अशी आहे की, ‘रश’ची छाप तुम्हाला स्वतःच्या वादनात किंवा इतर कलाकारांच्या वादनात नेमकी कोठे जाणवली, ते आपापल्या अनुभवातून लिहावे. आवडते म्हणून आवडते एवढ्यावर न थांबता एखादी जागा, एखादा तुकडा दाखवून दिलात तर वाचणाऱ्याला तो काढून ऐकता येईल.

ड्रमर, नाशिक

‘२११२’चा उल्लेख झालाच आहे, तर तेथूनच सुरुवात करतो. डेव्ह ग्रोल म्हणजे निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडचा ड्रमर आणि पुढे फू फायटर्स या बँडचा प्रमुख. पिअर्ट यांच्या निधनानंतर त्याने लिहिले होते की, ड्रमर नावाच्या माणसाकडे आपण खऱ्या अर्थाने कान दिला तो लहानपणी हा अल्बम ऐकताना. निर्वाणा आणि ‘रश’ यांच्या आवाजात तसे काही साम्य नाही. तरीही १८ एप्रिल २०१३ रोजी ‘रश’ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतले गेले तेव्हा स्वागताचे भाषण ग्रोल आणि त्याचा सहकारी टेलर हॉकिन्स यांनी केले. मग निर्माता निक रास्कुलिनेक्झ याला सोबत घेऊन, सत्तरच्या दशकातल्या ‘रश’सारखे पांढरे झगे आणि केसांचे टोप घालून, त्यांनी ‘२११२’चा आरंभीचा भाग वाजवून दाखवला. रास्कुलिनेक्झ हा लहानपणापासून ‘रश’चा चाहता, आणि मोठेपणी त्यांचे २००७ आणि २०१२ सालचे अल्बम त्यानेच घडवले. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याला परत काहीतरी द्यावे, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

माझ्यावर मात्र सर्वांत मोठा परिणाम झाला तो पिअर्ट यांच्या एका निर्णयाचा. १९९४ च्या सुमारास, जगभरचे ड्रमर त्यांची नक्कल करत असताना, वयाची चाळिशी ओलांडलेल्या या माणसाने फ्रेडी ग्रुबर या शिक्षकाकडे जाऊन पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. काठी धरण्याची पद्धतसुद्धा त्यांनी बदलली आणि जुन्या जॅझ ड्रमरप्रमाणे डावा तळहात वरच्या बाजूला वळवून, काठी अंगठ्याच्या बेचक्यात ठेवून ते वाजवू लागले. ग्रुबर यांचा भर असा होता की, काठी कातड्यावर पडते त्या क्षणाइतकाच दोन आघातांच्या मध्ये हात हवेत कसा फिरतो हेही पाहावे.

मी पंधरा वर्षे लग्नाच्या आणि गणपतीच्या ऑर्केस्ट्रात वाजवले. एकोणचाळिसाव्या वर्षी मनगट इतके दुखू लागले की काठी हातातून सुटू लागली. तेव्हा पिअर्ट यांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून मी चार महिने कार्यक्रम घेतले नाहीत आणि रोज पहाटे रबरी पॅडवर केवळ एकेका हाताने, अगदी संथ लयीत, काठी वर कशी येते एवढेच पाहत बसलो. आज मनगट दुखत नाही. त्यांच्यासारखे वाजवणे माझ्या आवाक्यातले नाही, पण शिकणे पुन्हा सुरू करता येते, एवढे मी त्यांच्याकडून घेतले.

तबलावादक, मिरज

मी रॉक संगीताच्या वाटेला सहसा जात नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने ‘मूव्हिंग पिक्चर्स’ या १९८१ सालच्या अल्बममधली ‘वाय-वाय-झेड’ ही शब्दांविना रचना मला ऐकवली आणि “गुरुजी, हा कोणता ताल आहे?” असे विचारले. ही अक्षरे म्हणजे टोरांटो विमानतळाचे संकेतचिन्ह. विमानतळाचे रेडिओ केंद्र तीच तीन अक्षरे मोर्स लिपीत सतत पाठवत असते. लाइफसन स्वतः विमान चालवत असत. त्या वेळी यंत्रातून ऐकू आलेल्या ठेक्यावरूनच या रचनेचा आरंभ बांधला गेला.

मोर्समध्ये ‘वाय’ म्हणजे एक लांब, एक आखूड आणि पुन्हा दोन लांब आघात. ‘झेड’ म्हणजे दोन लांब आणि दोन आखूड. तोंडाने म्हटले तर ‘दा-दि-दा-दा, दा-दि-दा-दा, दा-दा-दि-दि’ असे होते. लांब आघाताला एक मात्रा आणि आखूड आघाताला अर्धी मात्रा धरली तर पहिल्या अक्षराच्या साडेतीन, दुसऱ्याच्या साडेतीन आणि तिसऱ्याच्या तीन मात्रा होतात. बेरीज बरोबर दहा. मी दहा मात्रांच्या झपतालाचा ठेका हातावर धरून ते म्हणून पाहिले. दुसरा ‘वाय’ चौथ्या मात्रेच्या मध्यावर, म्हणजे अगदी अडनिड जागी सुरू होतो. पण त्यातला तिसरा आघात नेमका सहाव्या मात्रेवर, म्हणजे टाळी न देण्याच्या ‘खाली’च्या जागी पडतो आणि ‘झेड’ आठव्या मात्रेवर, म्हणजे तिसऱ्या टाळीवर उतरतो. तेथून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येताना जे समाधान मिळते ते तिहाई (एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणे) जमल्यावरच्या समाधानाच्या जातीचे आहे.

एक खुलासा करणे मला आवश्यक वाटते. या तिघांनी झपतालावरून काही घेतले, असा माझा मुळीच दावा नाही. त्यांनी यंत्राचा आवाज ऐकला आणि मी माझ्या सवयीच्या मापाने तो मोजला, इतकेच. पण त्या दिवसापासून विषम मात्रांचे वजन समजावून सांगण्यासाठी मी हे उदाहरण वर्गात वापरतो. गिटार वाजवणारी मुलेही आता तालाच्या वर्गाला येऊन बसतात.

बासवादक, मुंबई

गेडी ली यांचा बास मी प्रथम ऐकला तो भरून घेतलेल्या कॅसेटवर. त्या काळी एका बाजूला ‘रश’ आणि दुसऱ्या बाजूला दुकानदाराला जे सुचेल ते, असा व्यवहार असे. माझी कॅसेट इतकी घासली गेली होती की वरचे स्वर जवळजवळ नाहीसे झाले आणि खालचा बास तेवढा उरला. त्या दोषामुळेच मी बासवादक झालो असे मला मनापासून वाटते.

गेडी ली गातात, बास वाजवतात, हात मोकळा होताच सिंथेसायझरकडे वळतात आणि हे सर्व चालू असताना पायाने टॉरस नावाच्या पेडलवर खर्जाचे स्वर धरून ठेवतात. तीन माणसांचा आवाज पाच माणसांएवढा येतो त्याचे रहस्य बरेचसे त्या पायांत आहे. मेटालिका या मेटल बँडचा बासवादक क्लिफ बर्टन आपल्यावर ज्यांचा परिणाम झाला त्यांत गेडी ली यांचे नाव घेत असे. प्रायमस या बँडचा बासवादक लेस क्लेपूल तर त्याहून पुढे गेला. त्याच्या बँडने आरंभीच्या काळात ‘वाय-वाय-झेड’चा सुरुवातीचा तुकडा आपल्या मैफलीत वाजवला, पुढे ‘रश’च्या दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवण्याचा मान मिळवला आणि २०२१ साली ‘अ फेअरवेल टू किंग्ज’ हा ‘रश’चा १९७७ सालचा अख्खा अल्बम गावोगावी वाजवत दौरा काढला. क्लेपूलचा बास ऐकल्यावर तो गेडी ली यांच्या परंपरेतला आहे हे चटकन ध्यानात येत नाही, कारण त्याने बोटांची हालचाल घेतली नाही. बासने गाण्याच्या पुढे उभे राहायला हरकत नाही, ही मुभा घेतली.

श्रोता, पुणे

वरील सर्व अनुभव आदराने वाचले, तरी दोन गोष्टी नोंदवतो. पहिली अशी की ‘रश’ स्वतः क्रीम, लेड झेपेलिन आणि येस या ब्रिटिश बँडना ऐकत वाढलेले होते, त्यामुळे पुढच्या पिढीत जे काही आढळते ते सारे त्यांच्या खात्यावर जमा करणे योग्य नाही. दुसरी गोष्ट मला अधिक सलते. त्यांच्या अनेक अनुयायांनी गुंतागुंत तेवढी उचलली आणि संयम मागे ठेवला. १९८० साली आलेले ‘द स्पिरिट ऑफ रेडिओ’ पाच मिनिटांच्या आत संपते. त्यात विषम मात्रांचे तुकडे आहेत, शेवटी काही क्षण रेगे हे जमैकातले संगीतही आहे आणि तरीही ते गुणगुणता येते. वीस मिनिटांच्या रचनांनी नाव मिळवल्यावर त्यांनी मुद्दाम लहान लिहायला शिकून घेतले, आणि त्यासाठी वीस मिनिटे भरण्यापेक्षा अधिक कसब लागते. हा भाग फार थोड्यांनी आत्मसात केला.

गिटारवादक, ठाणे

पुण्याच्या श्रोत्यांचे म्हणणे मला मान्य आहे, आणि लाइफसन यांच्या बाबतीत तर ते अधिकच लागू होते. त्यांची नक्कल करणारे त्यांचे एकल तुकडे पाठ करतात. त्यांची खरी देणगी मात्र कॉर्डमध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांमध्ये आहे. १९७८ सालच्या ‘हेमिस्फिअर्स’ची सुरुवात पाहा. दुसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) तर्जनी सर्व तारांवर आडवी ठेवून नेहमीची बार कॉर्ड धरायची, पण तर्जनी थोडी उचलून सर्वांत बारीक दोन तारा मोकळ्या वाजू द्यायच्या. खाली एफ-शार्पचा भरीव आवाज आणि वर मोकळ्या बी आणि ई तारांची झंकार मिळून एकच गिटार दोन गिटारींची जागा भरते. दुसरा गिटारवादक नसलेल्या त्रिकुटाची गरज त्यातून भागली.

ड्रीम थिएटर या बँडचा गिटारवादक जॉन पेत्रुची लाइफसन यांचे ऋण उघडपणे मानतो. त्या बँडचे तर पहिले नावसुद्धा ‘रश’मुळेच पडले. १९८५ साली बॉस्टनच्या बर्कली महाविद्यालयात शिकणारी ही मुले ‘रश’च्या तिकिटांसाठी रांगेत उभी राहून त्यांचीच गाणी ऐकत होती. त्यातल्या ‘बॅस्टील डे’चा शेवट ऐकून त्यांचा ड्रमर माइक पोर्टनॉय त्याला राजेशाही म्हणाला आणि त्यांनी आपल्या बँडचे नाव ‘मॅजेस्टी’ ठेवले. त्याच नावाचा दुसरा एक बँड निघाल्यामुळे पुढे त्यांना ते बदलावे लागले.

गृहिणी, मिसिसागा (कॅनडा)

मी वादक नाही. नागपूरहून येथे येऊन आम्हाला बरीच वर्षे झाली. भारतातून परतताना सामानाच्या चिठ्ठीवर छापलेली ‘वाय-वाय-झेड’ ही अक्षरे मी कितीदा पाहिली असतील, पण त्यांचे गाणे आहे हे मला माझ्या मुलाने सांगितले. तो शाळेच्या बँडमध्ये बास वाजवतो. ‘सबडिव्हिजन्स’ हे १९८२ सालचे गाणे त्याला सर्वांत जवळचे वाटते. एकसारख्या घरांच्या वस्तीत, इतरांसारखे न होणाऱ्या मुलाला किती एकटे वाटते, हे त्या गाण्यात आहे, आणि त्याचे संगीत रचणारे गेडी ली आणि लाइफसन येथूनच अर्ध्या तासावरच्या उपनगरात वाढले, याचे त्याला फार अप्रूप आहे. गेडी ली यांचे आईवडील नाझींच्या छळछावण्यांतून वाचून कॅनडात आले आणि लाइफसन यांचे आईवडील सर्बियातून. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, हे ज्यांनी अनुभवले त्यांच्याकडून माझ्या मुलाने बास शिकावा, याचे मला समाधान वाटते. टोरांटोच्या विलोडेल भागात या दोघांच्या नावाची एक बाग आहे; आम्ही तेथे गेलो तेव्हा त्याने बास सोबत घेतला होता, पण लोकांसमोर वाजवायला तो लाजला.

ड्रमर, कोल्हापूर

मी तेवीस वर्षांची आहे आणि सर्वांत उशिरा या संगीताकडे आले. पिअर्ट ७ जानेवारी २०२० रोजी गेले तेव्हा त्यांचे नावही मला ठाऊक नव्हते. मी अनिका निलेस या जर्मन ड्रमरचे वादन पाहून शिकत होते. एका मात्रेचे पाच भाग करून ती ज्या सहजतेने ठेका फिरवते ते मी मोबाइलवर हळू करून पाहत असे. मुलींनी ड्रम वाजवू नये असे तोंडावर ऐकवणारी माणसे मला अनेकदा भेटली आहेत. एका कार्यक्रमात तर माझे नाव पत्रिकेत छापूनही ऐन वेळी दुसऱ्याला बसवण्यात आले होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गेडी ली आणि लाइफसन यांनी २०२६ च्या दौऱ्याची घोषणा केली आणि पिअर्ट यांच्या आसनावर निलेस बसणार असे सांगितले. चाळीस वर्षांहून अधिक काळ ज्या जागी दुसरे कोणी बसले नाही तेथे माझ्या आवडीची ड्रमर बसणार हे वाचून मी कितीतरी वेळ सुन्न होते, आणि त्यानंतरच मी ‘रश’चे सर्व अल्बम क्रमाने ऐकायला घेतले. ऐकताना लक्षात आले की, पिअर्ट यांच्या मोठ्या तुकड्यांमध्ये काहीही उत्स्फूर्त वाटेल तसे टाकलेले नाही; प्रत्येक आघात लिहून काढल्यासारखा जागच्या जागी आहे, आणि म्हणूनच श्रोते ते तुकडे हवेत हात फिरवत बरोबरीने वाजवू शकतात.

मिरजेच्या गुरुजींनी दिलेला हिशोब मी वहीत उतरवून घेतला आहे. गेला आठवडाभर मी मेट्रोनोम (लय धरून देणारे यंत्र) अगदी संथ ठेवून, तोंडाने बोल म्हणत, झांजेवर एवढाच तुकडा वाजवत आहे. दुसऱ्या ‘वाय’ला मी दर वेळी अर्धी मात्रा आधीच सुरुवात करत होते. काल रात्री पहिल्यांदा ‘झेड’ आठव्या मात्रेवर बसला.