मदत हवी आहे: माउंटन लायनच्या शिकारबंदीचे आकडे ताडायचे कसे?

नमस्कार. लेकीला शाळेत वादविवादात बोलायचंय: जंगली शिकारी प्राण्यांच्या ट्रॉफी हंटिंगवर (कातडं, मुंडकं मिरवण्यासाठी केलेल्या शिकारीवर) मतदारांनी बंदी घालावी का? आम्ही अमेरिकेत डेन्व्हरजवळ राहतो, म्हणून उदाहरण कोलोरॅडोचंच घेतलंय. इथे नोव्हेंबर २०२४ मध्ये माउंटन लायन (प्यूमा), बॉबकॅट आणि लिंक्स या मार्जारकुळातल्या प्राण्यांची शिकार बंद करणारा 'प्रस्ताव क्र. १२७' मतदानाला आला आणि पडला. (लिंक्सला केंद्राचं संरक्षण आधीपासूनच आहे, तरी नाव यादीत होतं!)

गाडी अडलीय ती कॅलिफोर्नियापाशी. तिथे १९९० मध्ये मतदारांनीच माउंटन लायनची शिकार बंद केली, १९९६ मध्ये हे संरक्षण काढायचा प्रस्तावही फेटाळला. बंदीवाले म्हणतात, बघा, काही बिघडलं नाही. विरोधक म्हणतात, शेळ्यामेंढ्या मारणाऱ्या लायनला परवाना काढून तिथेही मारतातच. शिवाय 'ट्रॉफी' शब्दावरच भांडण आहे, कारण कोलोरॅडोत मारलेल्या लायनचं मांस खाण्यासाठी वापरणं शिकाऱ्याला कायद्यानेच बंधनकारक आहे.

दोन्ही राज्यांच्या वन्यजीव खात्यांचे आकडे काढून पाहिले. एकीकडे शिकार मोजलेली, दुसरीकडे परवाने. जुळवता येईनात.

भारतातला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, जुन्नरचे बिबटे हे सगळं माहीत आहे. पण तो निर्णय संसदेचा, मतपेटीचा नव्हे. आणि बोलायला चारच मिनिटं आहेत.

वन्यजीव अभ्यासातलं कुणी आहे का इथे? बंदीमुळे पशुधनाचं नुकसान वाढलं की नाही, हे दोन राज्यांत ताडायला नेमका कोणता आकडा धरावा: मेलेली जनावरं, दिलेले परवाने, की आणखी काही?