मकरंदगडाला, म्हणजे गडाखालच्या घोणसपूर गावापर्यंत, गाडी नक्की कुठून न्यायची?

सांगलीचा_भटक्या:
मंडळी नमस्कार. मागच्या महिन्यात आम्ही चौघं मकरंदगडाला निघालो आणि गड न बघताच परत आलो. सातारा, मेढा, केळघर घाट, महाबळेश्वर इथपर्यंत रस्ता पाठ आहे, अडचण नाही. आंबेनळी घाटातून पार फाट्याला वळलो तेव्हा अंधार पडायला लागलेला. पार गावच्या पुढं रेंज गेली. मॅप आधीच उघडा होता म्हणून निळा ठिपका तेवढा सरकत होता, त्यानं एका ठिकाणी डावीकडं वळायला सांगितलं, वळलो. आधी डांबर संपलं, मग खडी संपली, मग मधोमध गवत उगवलेल्या दोन चाकोऱ्या राहिल्या आणि त्या थेट ओढ्याकाठच्या पंपाच्या खोलीपाशी जाऊन संपल्या. वळवायला जागा नाही. एक जण मागं मोबाईलची बॅटरी दाखवत चालतोय आणि मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून पाऊण किलोमीटर रिव्हर्स. चेंबर दोनदा घासला ते वेगळंच.

वाटेत एका मामांना विचारलं होतं, वर गाडी जाते का, तर म्हणाले जाती की. आता दिवाळीनंतर परत जायचंय. साधी हॅचबॅक आहे. गाडी कुठं लावायची, कुणाला काय विचारायचं, जाऊन आलेल्यांनी जरा सविस्तर सांगा.

जावळीकर:
मामा खोटं नाही बोलले भाऊ, तुमचा प्रश्न चुकला. आमच्याकडं गाडी म्हणजे वडापची जीप. पंधरा माणसं, वर टपावर दोन पोती आणि एक सायकल घेऊन जी जीप चढते ती जिथं जाते तिथं "गाडी जाती". तुमच्या हॅचबॅकसाठी प्रश्न एकच, एसटी कुठपर्यंत येते? एसटी येते तिथपर्यंत बिनधास्त जावा, पुढचं पायी बघायचं. आणि लांबी विचारू नका, "हे काय, इथंच" याचा अर्थ अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत काहीही निघतो.

दुसरं म्हणजे मकरंदगड विचारू नका, घोणसपूर विचारा. गावाचं नाव घेतलं की माणूस गावाची वाट सांगतो, गडाचं नाव घेतलं की गुरं जातात ती पायवाट पण सांगेल, कारण तो स्वतः तिथनंच जातो.

आता रस्ता. महाबळेश्वरहून पोलादपूरच्या बाजूला उतरताना पार फाटा प्रतापगडाच्या अलीकडं लागतो. प्रतापगडाचा फाटा दिसला म्हणजे तुम्ही पुढं आलात, मागं फिरा. पार गावात रामवरदायिनीचं मंदिर आहे आणि कोयनेवर शिवकालीन दगडी पूल आहे, तो अजून वापरात आहे, दोन मिनिटं थांबून बघण्यासारखा आहे. पार मागं पडलं की हातलोट आणि चतुर्बेट ही दोन नावं धरून चालायचं. चतुर्बेटकडून घोणसपूरला चढणारा रस्ता आहे, पण तो जीपवाल्यांचा. हॅचबॅक खाली गावात कुणाच्या तरी दारात विचारून लावा, आणि रस्त्याच्या वळणावर लावू नका, रात्री मुक्कामी एसटी येत असेल तर ड्रायव्हर तुमच्या नावानं शंख करंल.

उनाड_पोरगी:
दादा तुमची खरी चूक अंधारात शिरण्याची आहे असं मला वाटतं, मॅप आणि मामा नंतर. दिवसा हा गड चुकणं अवघड आहे कारण त्याला दोन शिखरं आहेत, थोरला मकरंद आणि धाकटा मधू, मधे खिंड, लांबून बघितलं की खोगीर ठेवल्यासारखं दिसतं म्हणून इंग्रजांनी त्याला सॅडलबॅक म्हटलं. महाबळेश्वरच्या बॉम्बे पॉइंटवरून आधी नीट बघून घ्या, खोगीर कुठल्या अंगाला आहे ते डोक्यात बसवा आणि मग खाली उतरा. खाली झाडीत शिरलात की तो दिसत नाही, पण एखादं वळण संपलं की मधूनच डोकावतो आणि आपण बरोबर चाललोय का उलटं ते कळतं. आम्ही असंच गेलो होतो.

आणि मॅप घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या. पण नुसत्या रेघेवर विश्वास नको, या भागात रेघ शेतातल्या पंपाकडं जाते नाहीतर पाण्यात. तापोळ्याच्या बाजूला तर रस्ता शिवसागर जलाशयाच्या कडेला येऊन थांबतो, पुढं तराफा. मॅपवर पलीकडचं गाव बोटभर लांब, तराफा मिळाला नाही तर अख्खा दिवस.

घाटवाट_प्रेमी:
एवढी गाडीची झटापट कशाला? हातलोटला गाडी लावा आणि पायवाटेनं घोणसपूर चढा. सोबत गावातला एक जण घ्या, त्याला पैसे द्या, विषय संपला. घोणसपूरच्या मंदिरात मुक्काम, पहाटे गड.

जावळीकर:
हे पटलं. पण सांगलीकरांनी चालायची तयारी ठेवावी, सपाटीची सवय आहे तुम्हाला 😄

रानवारा:
पावसाळा पूर्ण संपू द्या मात्र. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला तेव्हा आंबेनळी घाट तुटला होता आणि कितीतरी दिवस बंद होता. निघायच्या आदल्या दिवशी घाट चालू आहे का ते महाबळेश्वरातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन करून विचारा. पेट्रोल पण तिथंच भरून घ्या.

सांगलीचा_भटक्या:
सगळ्यांचे आभार, विशेषतः जावळीकरांचे, मामांबद्दलचा राग गेला. ठरलं, सकाळी लवकर निघून दुपारी तीनच्या आत पार गाठायचं, हातलोटला गाडी, पुढं पाय. एक शंका राहिली, हातलोटहून चढायला किती वेळ लागतो?

जावळीकर:
हे काय, इथंच.
(दोन तास धरा. आणि सांगलीहून येताय तर भडंग जास्त आणा, वाटाड्याला पण लागतंय.)