जॉर्ज कॉस्ता प्रशिक्षक म्हणून कमी पडले, की मुंबईने त्यांना ओळखलेच नाही?

अंधेरीकर:
पोर्तुगालचे माजी फुटबॉलपटू जॉर्ज कॉस्ता ५ ऑगस्ट २०२५ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, पोर्तुगालमधील पोर्तो क्लबच्या सराव केंद्रात हृदयविकाराचा झटका येऊन गेले. त्यानंतर जे लिहिले गेले त्यात २००३ चा युएफा चषक आणि २००४ ची चॅम्पियन्स लीग या युरोपीय स्पर्धांचे चषक उंचावणारा पोर्तोचा कर्णधार सगळीकडे दिसला, पण पुढे सतरा वर्षे ज्याने दुसऱ्यांचे संघ बांधण्यात घालवली तो प्रशिक्षक जवळपास कुठेच दिसला नाही. २०१८ ते २०२० या दोन हंगामांत ते इंडियन सुपर लीगमधील मुंबई सिटी या क्लबचे प्रशिक्षक होते आणि त्यांचे बरेच सामने मी अंधेरीच्या मैदानात बसून पाहिले आहेत. त्यांच्या पहिल्याच हंगामात संघ साखळी फेरीत तिसरा आला. डिसेंबर २०१८ मध्ये केरळ ब्लास्टर्सविरुद्ध आपला आघाडीपटू मोदू सुगूने एकट्याने चार गोल केले आणि आपण ६-१ असे जिंकलो. ओल्हानेन्स या छोट्या क्लबला त्यांनी २००९ मध्ये पोर्तुगालच्या अव्वल साखळीत ३४ वर्षांनी परत नेले, आणि २०२४ मध्ये जेमतेम एक हंगाम जुन्या असलेल्या एव्हीएस संघालाही तेथपर्यंत पोहोचवले. माझे मत असे की ते तुटपुंज्या साधनांत संघ उभा करणारे प्रशिक्षक होते, आणि अशा माणसाचे मोल चषक मोजून कळत नाही.

मडगावकर:
आपल्या भावनेचा आदर आहे, पण अंधेरीतल्या आठवणींतून आपण नेमकी एक रात्र वगळली. मार्च २०१९ मध्ये दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना याच मैदानात झाला आणि आमच्या एफसी गोवा संघाने तो ५-१ असा जिंकला. त्याआधी ऑक्टोबरमध्ये फातोर्ड्यात, म्हणजे गोव्याच्या घरच्या मैदानात, ५-० झाले होते. पुढच्या हंगामात मुंबईत ४-२ आणि पुन्हा फातोर्ड्यात ५-२. कोणी म्हणेल की हा गोव्याचे तेव्हाचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांचा पराक्रम, पण त्या शेवटच्या सामन्यापूर्वी लोबेरांना गोव्याने दूर केले होते आणि संघ क्लिफर्ड मिरांडा सांभाळत होते. पोर्तुगालसाठी ५० सामने खेळलेल्या बचावपटूच्या संघाला एकाच प्रतिस्पर्ध्याकडून चार वेळा अशा फरकाने हार पत्करावी लागते, याला मी योगायोग मानणार नाही. प्रतिस्पर्धी मधल्या पट्ट्यातून कसा आत शिरतो हे एकदा दिसल्यावर प्रशिक्षकाने मांडणी बदलायला हवी होती.

अंधेरीकर:
परतीचा सामना फातोर्ड्यात आपण १-० ने जिंकलो, हेही नोंदवावे.

मडगावकर:
नोंदवले. दोन्ही सामने मिळून एकूण निकाल गोव्याच्या बाजूने ५-२.

चौथा पंच:
दोघांचाही वाद मुंबईपुरता अडकला आहे. मला प्रश्न वेगळा वाटतो. २००७ मध्ये ब्रागापासून सुरुवात केलेल्या कॉस्तांनी पोर्तुगाल, रोमानिया, सायप्रस, फ्रान्स आणि भारत इतक्या ठिकाणी काम केले, गॅबनच्या राष्ट्रीय संघाला २०१५ च्या आफ्रिका चषकात खेळवले (तेथे तो गटातच बाद झाला), पण एका जागी दोन हंगामांहून अधिक ते क्वचितच टिकले. रोमानियात क्लुज क्लबने तर त्यांना २०१२ मध्ये ऐन हंगामात काढले आणि त्याच हंगामाचे विजेतेपद त्यांच्या जागी आलेल्या प्रशिक्षकाच्या हाती लागले. यात नशिबाचा भाग असेल, परंतु ज्या गुणांमुळे ते कर्णधार म्हणून थोर ठरले, तेच प्रशिक्षक म्हणून त्यांच्या आड आले असावेत अशी मला शंका आहे. २००१ मध्ये पोर्तोच्या तत्कालीन प्रशिक्षकाशी बिनसल्यावर त्यांनी नमते घेतले नाही. ते इंग्लंडमधील चार्लटनकडे उसनवारीवर गेले आणि जुझे मोरिन्यो यांच्या कारकिर्दीत परतले. मैदानात असा ताठपणा संघाला आधार देतो, परंतु प्रशिक्षकाला मालकांशी रोज जुळवून घ्यावे लागते.

अंधेरीकर:
हा मुद्दा मला निम्माच मान्य आहे. मुंबईत मालकांशी भांडण झाल्याचे कधी ऐकिवात नव्हते. झाले इतकेच, की नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने क्लबमध्ये ६५ टक्के भागीदारी घेतली, त्यानंतर फेब्रुवारी २०२० मध्ये चेन्नईकडून घरच्या मैदानावर ०-१ ने हरल्यामुळे आपण उपांत्य फेरीला मुकून पाचवे राहिलो, आणि मार्चमध्ये कॉस्ता गेले. नव्या मालकांनी आणले कोणाला? लोबेरांना. आणि त्यांच्यापाठोपाठ गोव्याचा कणाच उचलून आणला: जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमूस, मंदार राव देसाई. २०२०-२१ मध्ये मुंबईने साखळी फेरीतले अव्वल स्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले, तेव्हा सगळे म्हणाले की बघा, प्रशिक्षक बदलल्याचा गुण. खेळाडूही बदलले होते, हे सोयीस्करपणे विसरले गेले. हाच संघ कॉस्तांच्या हाती असता तर?

मडगावकर:
हाच संघ कॉस्तांच्या हाती असता तर बुमूसला कदाचित इतकी मोकळीक मिळाली नसती. आमचे खेळाडू तुम्ही नेलेत याचे दुःख आहेच (मंदारचे जास्त), पण ते लोबेरांकडे आले ते त्यांच्या खेळाची पद्धत आधीपासून ठाऊक होती म्हणून. कॉस्तांच्या संघाची ओळख काय होती, हे आपण एका वाक्यात सांगू शकाल का? मला दोन वर्षे त्यांच्या विरुद्ध बसूनही सांगता येणार नाही.

चौथा पंच:
मी प्रयत्न करतो. पौलू मशादूसारखा त्यांच्याच पोर्तोत वाढलेला मध्यरक्षक चेंडू सांभाळणार, गोलरक्षक अमरिंदर सिंग मागे संकट निस्तरणार, आणि चेंडू हिसकावला की क्षणात सुगूच्या धावेसमोर. ही पद्धत बरोबरीच्या किंवा दुबळ्या संघांविरुद्ध चालते. चेंडू सोडतच नाही अशा गोव्याविरुद्ध हिसकावायला काही मिळतच नाही, म्हणून ती तेथे उघडी पडली. मडगावकर, आपले चारही निकाल मला यातून समजतात. अंधेरीकर, ओल्हानेन्स आणि एव्हीएसही यातूनच समजतात.

अंधेरीकर:
हे मला पटले, फक्त ‘दुबळ्या’ हा शब्द सोडून. केरळला त्या रात्री विचारून पाहा.