दल लेकमधला शिकारा: सहा जण, त्यात एक गुडघेदुखी. किती वेळ, कुठला घाट?

महालची_मीनल
नमस्कार मंडळी. आपल्या नागपूरकडच्या शाळा जूनच्या शेवटाला उघडतात, म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात श्रीनगर ठरवलंय. आम्ही सहा जण: सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगा ९ वर्षांचा आणि मुलगी ५ वर्षांची. पोहता कोणालाच येत नाही. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे दुखतात, मांडी घालून बसणं बंदच आहे.

टूरवाल्यानं कागदावर "शिकारा राइड १ तास" एवढंच लिहिलंय. तोंडी म्हणतो की नेहरू पार्क, मीना बाजार, चार चिनार आणि सकाळचा तरंगता भाजीबाजार हे सगळं त्यातच होतं. खरंच होतं का? सहा जण एकाच शिकाऱ्यात बसवावेत का? बाबांना चढता-उतरता येईल का? आणि सकाळ बरी की संध्याकाळ? ज्यांना तिथली नीट माहिती आहे त्यांनी सांगा. "खूप छान आहे, नक्की जा" एवढं माहीत आहे.

---

धंतोलीकर
मीनलताई, आधी टूरवाल्याचं बोलू. एका तासात हे चारही होत नाही, होणारच नाही. शिकारा एका माणसाच्या एका वल्ह्यावर चालतो. वेग म्हणाल तर पायी चालणाऱ्याइतका, बरेचदा त्याहून कमीच. नेहरू पार्कच्या बाजूच्या घाटांवरून चार चिनारचं बेट तीनेक किलोमीटर आत आहे. म्हणजे नुसतं जायलाच तास गेला. तळ्याकाठच्या बुलेव्हार्ड रोडवरच्या घाटावरून तासाभराची फेरी म्हणजे नेहरू पार्कला वळसा, हाउसबोटींच्या रांगांमधून मीना बाजार आणि परत. ती फेरीही वाईट नाही. पण चार चिनार हवं असेल तर दोन-अडीच तास धरा, किंवा मोगल बागा बघायच्या दिवशी निशातच्या बाजूच्या घाटावरून शिकारा घ्या. तिथून बेट त्या मानानं जवळ पडतं. भाजीबाजार हे तर वेगळंच प्रकरण आहे, तो उजाडायच्या आत भरतो.

आता सहा जणांचं. शिकारेवाला "आठ बसा" म्हणाला तरी दोन शिकारे घ्या. बोट देवदाराची, तळ सपाट, दोन्ही टोकं निमुळती आणि काठ पाण्यापासून फार वर नाही. वजन वाढलं की तो काठ आणखी खाली जातो. मग शेजारून एखादी मोटरबोट गेली की तिच्या लाटेचं पाणी थेट गादीवर. माणसंही अशी वाटा की दोन्हीकडे दोन मोठी आणि एक मूल येईल. एकात आजोबा, तुमचे मिस्टर आणि मुलगा. दुसऱ्यात आजी, तुम्ही आणि मुलगी. भाव शिकाऱ्याचा असतो, माणशी नाही, त्यामुळे खर्च दुप्पट होईल हे खरं. पण सहा जण दाटीवाटीनं बसले की पाय पसरता येत नाहीत, आणि सासऱ्यांना पाय पसरायलाच जागा हवी आहे.

बैठक लोड-गादीची आहे, बुटकी. पाय समोर लांब करून रेलून बसायचं असतं, मांडी घालावी लागत नाही. बसण्याचा त्रास नाही, त्रास आहे तो चढण्या-उतरण्याचा. उभ्यानं बोटीत पाय टाकायचाच नाही. शिकारा घाटाला आडवा, अगदी टेकवून धरायला सांगा. एकानं बाहेरून काठ दाबून धरायचा. आजोबांनी आधी पायरीवर बसायचं, दोन्ही पाय आत सोडून बोटीच्या मधोमध टेकवायचे, मग शिकारेवाल्याच्या खांद्याचा आधार घेऊन गादीवर सरकायचं. पाय काठावर पडला की बोट त्या बाजूला कलते आणि घाटापासून सुटते. माणूस पडतो तो त्याच फटीत. छताच्या खांबांना धरून उठू नये. ते खांब छत आणि पडदे पेलायला आहेत, माणसाचं वजन घ्यायला नाहीत.

उतरताना जास्त अवघड जातं, कारण खालून वर उठायचं असतं. तिथं घाई करू देऊ नका. पाण्याजवळच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, म्हणून निदान खालच्या दोन पायऱ्या कोरड्या दिसतील असा घाट निवडा. बुलेव्हार्डवर एकामागून एक क्रमांकाचे घाट आहेत. पहिल्याच घाटाला चिकटायची गरज नाही, शंभर पावलं पुढं गेलं तर पायऱ्या बऱ्या मिळतात.

---

तर्री_पोहे
धंतोलीकर भाऊंनी बोटीचं सांगितलं, मी पैशाचं सांगतो.

राजेहो, आपल्या रामटेकजवळच्या खिंडसी तलावाला तिकीट काढलं की फेरी ठरलेली राहते. इथं तसं नाही. फेरी तुम्ही ठरवायची, आणि चढायच्या आधी ठरवायची. घाटावर दरपत्रकाचा फलक राहते, तो आधी वाचा, मग तोंड उघडा. बोलताना क्रम असा ठेवा: किती तास, कुठून कुठं, किती माणसं, दोन्ही शिकाऱ्यांचे मिळून एकूण किती, आणि दुकानावर थांबायचं नाही. हा शेवटला मुद्दा लोक विसरते आणि तिथंच तास खपते. मीना बाजारातल्या शालीच्या दुकानात वीस मिनिटं गेली तर ती तुमच्याच तासातली. गिऱ्हाईक आणणाऱ्याला बरेचदा दुकानातून काहीतरी सुटते, म्हणून तो पुन्हा पुन्हा तिकडंच वळवते. त्याच्यावर रागवायचं काहून? त्याचं पोट आहे. फक्त आधी सांगून ठेवायचं.

टूरवाल्याच्या कागदावर "शिकारा" लिहिलं आहे, त्यात एक मेख तपासा. हाउसबोटीवर राहणार असाल तर घाटापासून हाउसबोटीपर्यंत नेणं-आणणं शिकाऱ्यानंच होते, आणि ते बहुतेक ठिकाणी भाड्यातच धरलेलं राहते. काही टूरवाले त्या पाच-दहा मिनिटांच्या ने-आणीलाच "शिकारा राइड" म्हणून मोकळे होते. वेळ आणि घाटाचं नाव लिहून मागा.

पाण्यावर गेलात की फेरीवाले येतेच. काहवा म्हणजे तिथला चहा, मक्याचं कणीस, दागिने, केशर, काश्मिरी कपडे घालून फोटो. "नाही" एकदाच म्हणा, हसून म्हणा, आणि मग त्या वस्तूकडं बघू नका. फोटोवाल्याला मात्र किती प्रती आणि एका प्रतीचे किती हे आधीच ठरवून द्या, नाहीतर तो पोरीचे ढीगभर फोटो काढते आणि मग पोरगी सगळेच मागते.

केशर पाण्यावर घेऊच नका. घ्यायचंच तर आधी दोन काड्या कोमट पाण्यात टाकून बघा. खरं केशर हळूहळू पिवळा रंग सोडते आणि काडी लालच राहते. रंगवलेलं असलं की पाणी लगेच लाल होते आणि काडी फिकी पडते. पांपोरचं नवं केशर ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघते, त्यामुळं जूनमधे कोणी "ताजं" म्हणाला तर ऐकून घ्या आणि पुढं चला.

---

धंतोलीकर
तर्री भाऊंच्या फेरीवाल्यांवरून एक राहिलं. फेरीवाल्याची बोट आपल्या बोटीला चिकटून उभी राहते आणि सगळे जण बघायला त्याच काठाकडे झुकतात. सपाट तळाची बोट बसलेल्या माणसांना छान पेलते, पण वजन एका बाजूला गेलं की पटकन कलते. एकानंच बघायचं, बाकीच्यांनी लोडाला पाठ सोडायची नाही. काहव्याचा कप एका बोटीतून दुसऱ्या बोटीत मुलांच्या हाती द्यायचा नाही. आधी तळफळीवर ठेवायचा, मग उचलायचा.

संध्याकाळबद्दल: जूनमधे तिथं सूर्य पावणेआठच्या सुमारास मावळतो, नागपूरपेक्षा पाऊण तास उशिरा. साडेसहाला निघालात तर उन्हं उतरलेली असतात, आणि बुलेव्हार्डकडून बघताना सूर्य तळ्यापलीकडे, हरिपर्वत टेकडीच्या बाजूला जातो. माझं मत संध्याकाळला.

---

झबरवान_प्रेमी
संध्याकाळच्या मताशी असहमत, निदान या कुटुंबासाठी.

मे-जूनमधे तिथं दुपारनंतर ढग जमून एकाएकी वारा सुटतो. शिकाऱ्याला खालून कणा नाही, वर छत आणि बाजूला पडदे. वारा त्या कापडात भरला की बोट आडवी सरकत जाते आणि एका वल्ह्यानं ती आवरत नाही. हवामान बिघडण्याचा अंदाज असेल तेव्हा प्रशासन शिकारे बंद ठेवायला सांगतं. त्या दिवशी कोणी "काही होत नाही" म्हणाला तरी बसू नका. मधेच वारा आला तर लक्षणं आधी दिसतात. गुळगुळीत पाण्यावर दूर काळसर चट्टे उठतात, ते सरकत जवळ येतात, पडदे फडफडायला लागतात. तेवढ्यात पडदे गुंडाळून बांधायला सांगा आणि जवळच्या कुठल्याही घाटाला किंवा हाउसबोटीला लागा. "आमचा घाट तिकडं आहे, गाडी तिथं उभी आहे" असा हट्ट नको. गाडी येईल फिरून.

उलट सूर्योदयानंतर सकाळी आठच्या सुमारापर्यंत पाणी बहुधा शांत असतं, मोटरबोटी नसतात आणि फेरीवाले तुरळक. जूनमधे साडेपाचच्या आतच दिवस उगवतो, पण झबरवानचे डोंगर पूर्वेला असल्यामुळं पाण्यावर ऊन उशिरा पोचतं. साडेसहा ते आठ ही वेळ आजोबांना आणि मुलांना दोघांनाही झेपेल. गारवा मात्र धरून चला. नागपूरच्या जूनमधून गेलेल्या माणसाला पहाटेचे १४-१५ अंश आणि पाण्यावरचा वारा चांगलाच लागतो. प्रत्येकाला पूर्ण बाह्यांचा स्वेटर आणि आजोबांच्या गुडघ्यांवर शाल हवी.

लाइफ जॅकेट: लहान मापाचं तिथं हमखास मिळेल असं धरू नका. पाच वर्षांच्या मुलीला मोठ्यांचं जॅकेट घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि ती खालून निसटते. नागपूरहूनच तिच्या वजनाचं, पायांमधून पट्टा जाणारं जॅकेट घेऊन जा. घालून सगळे पट्टे आवळा, मग दोन्ही खांद्यांना धरून जॅकेट वर उचला. हनुवटी-कानांपर्यंत वर आलं तर ते मोठं आहे. मुलाचंही असंच तपासा. "दल उथळ आहे" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. बऱ्याच भागात पाणी दोन-तीन मीटरच्या आतच आहे हे खरं, पण तळाला चिखल आणि पाणवनस्पतींचं जाळं आहे. तिथं पाय टेकत नाही, अडकतो.

---

महालची_मीनल
खूप आभार सगळ्यांचे. दोन शिकारे आणि सकाळ हे पक्कं करते. आणखी दोनच गोष्टी. भाजीबाजार मुलांना दाखवावा असं फार वाटतं, जमेल का? आणि निगीन म्हणून वेगळं तळं आहे म्हणतात, ते बघण्यासारखं आहे का?

---

झबरवान_प्रेमी
भाजीबाजार हा पर्यटकांसाठी मांडलेला नाही, ठोक व्यवहार आहे. तळ्यातल्या तरंगत्या वाफ्यांवरचा माल घेऊन शेतकरी आपापल्या उघड्या, छत नसलेल्या होड्यांतून येतात. होडीच्या टोकाशी बसून सौदा होतो आणि उजाडल्यावर तास-दीड तासात सगळं पांगतं. नदरू म्हणजे कमळाचे देठ, हाक म्हणजे तिथली पालेभाजी, सलगम, काकडी असा माल. नेहरू पार्ककडून तिथं पोचायला पाऊण ते एक तास लागतो, म्हणजे घाटावर पहाटे साडेचारला हजर. पाच वर्षांच्या मुलीला आणि आजोबांना नेऊ नका. तुमचे मिस्टर आणि मुलगा असे दोघंच एका शिकाऱ्यात जाऊन येऊ शकतात. शिकारेवाल्याशी आदल्या संध्याकाळी बोलून ठेवावं लागतं, पहाटे घाटावर जाऊन शोधत बसलं तर बाजार संपतो. होड्यांच्या गर्दीत आपला शिकारा कडेलाच उभा ठेवायचा, मधे घुसवून त्यांचा धंदा अडवायचा नाही.

निगीन म्हणजे दलचाच एक भाग, मधल्या बांधवजा रस्त्यानं वेगळा झालेला. तिथं पाणी जास्त खोल, गर्दी कमी आणि फेरीवाले अगदीच थोडे. बाजार नको, नुसतं पाणी आणि डोंगर हवेत, तर निगीन सरस. हाउसबोट अजून ठरली नसेल तर तिथलीच बघा. कमळं मात्र जुलै-ऑगस्टमधे फुलतात, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती बघायला मिळतील असं धरू नका.

---

तर्री_पोहे
ताई, बाकी एक सांगायचं राहिलं. तुमचं सिम प्रीपेड असल तर तिथं चालत नाही, बाहेरचं पोस्टपेडच चालते. म्हणजे शिकारेवाल्याला फोन करणं आणि मोबाइलवरून पैसे देणं दोन्ही अडते. दोघांपैकी एकाचं तरी पोस्टपेड करून घ्या, आणि जायच्या आदल्या दिवशी नाही, दहा-पंधरा दिवस आधी. पन्नास-शंभरच्या सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, पाण्यावर पाचशेचे सुटे कोणी देत नाही.

एका कंपनीच्या ॲपवरूनही शिकारा बुक होते म्हणते, डिसेंबर २०२४ पासून. पण ती सोय निवडक शिकाऱ्यांपुरती, तासाभराची आणि चार जणांपुरती सुरू झाली होती. पहाटेच्या वेळेला तिच्या भरवशावर राहू नका, घाटावरच बोला.

---

धंतोलीकर
सकाळच्या वाऱ्याचा मुद्दा मान्य, या सहा जणांसाठी सकाळच बरी. साडेसहाला निघणार असाल तर गाडीच्या चालकाला सव्वासहाला घाटावर सोडायला सांगा आणि आजोबांना सगळ्यात आधी बसवा. मुलं एकदा आत गेली की बोट हलत राहते.